मुकुटबनच्या पोटातला समुद्र

यवतमाळ जिल्ह्याची एक जुनी खोड आहे. नाव एका गावाचं आणि कारभार दुसऱ्याच गावातून. इंग्रजांनी १८६४ साली वऱ्हाडाचा आग्नेय कोपरा तोडून स्वतंत्र जिल्हा केला. पुढं त्याला वणी जिल्हा म्हणू लागले, साहेब मात्र बसायचा यवतमाळात. हा घोळ १९०५ साली मिटला आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. तालुक्यांनी मात्र ही रीत सोडली नाही. केळापूर तालुक्याची कचेरी केळापुरात शोधाल तर सापडणार नाही, ती पांढरकवड्यात आहे. झरी जामणी तालुक्यानं तर नावातच दोन गावं घेतली. सातबाऱ्याचं नि दाखल्यांचं काम असेल तर झरीची तहसील गाठायची. पण बाजारहाट करायचा, रेल्वे बघायची, सिमेंटचा ट्रक भरायचा, तर पाय वळतात मुकुटबनकडं.

नकाशावर मुकुटबन सापडतं वणीच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अलीकडं. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ सरळ रेषेत मोजलं तरी शंभरेक किलोमीटरवर. त्याच्या निम्म्याच अंतरावर पूर्वेला चंद्रपूर, आणि त्याहून थोडं जवळ, नदीपलीकडं तेलंगणातलं आदिलाबाद. विधानसभेचा मतदारसंघ वणी, आणि तो लोकसभेसाठी जोडलाय चंद्रपूरला. म्हणजे मुकुटबनचा माणूस कलेक्टरकडं जातो पश्चिमेला आणि खासदार निवडून देतो पूर्वेचा.

असं आडबाजूचं गाव एकदम देशाच्या उद्योगांच्या नकाशावर कसं आलं? याचं उत्तर कुठल्याही कचेरीच्या दप्तरात नाही. ते जमिनीखाली आहे, आणि ते वाचायला घेतलं की माणूस चक्रावून जातो. या एका टापूत समुद्र होऊन गेला, बर्फ होऊन गेला, दलदलीचं जंगल होऊन गेलं आणि लाव्ह्याचा पूरही येऊन गेला. चौघांनीही आपापली निशाणी मागं ठेवली.

सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात अलीकडची, निशाणी आधी बघू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, दडलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. पश्चिम घाटात हे थर दीड-दोन किलोमीटर जाड आहेत. पूर्वेकडं येत येत ते पातळ होतात आणि यवतमाळ–चंद्रपूरच्या सीमेवर संपतात. जुन्या गोधडीची कड जशी विरलेली असते, तशी ही लाव्ह्याची कड इथं विरलीय. कुठं काळा पाषाण, तर मैल-दोन मैलांवर त्याच्या खालचा कितीतरी जुना दगड उघडा. मुकुटबन बरोबर या कडेवर आहे.

ही कड नुसती कल्पनेत नाही, डोळ्यांनी दिसते. झरी जामणी तालुक्यातल्या शिबला–पार्डी भागात २०२१ साली रस्त्याच्या कामासाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा दगडाचे खांब उघडे पडले. कुणी घडवून एकाला एक लावून ठेवावेत असे, पैलूदार. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते स्तंभाकार बेसाल्ट असल्याचं सांगितलं आणि गावाचं नाव वर्तमानपत्रांत झळकलं. मुंबईच्या अंधेरीतली गिल्बर्ट टेकडी याच जातीची.

हे खांब घडतात कसे? लाव्हा थिजताना आकसतो. आकसला की ताण येतो, ताण आला की तडा जातो. पृष्ठभागावर जागोजाग एकाच वेळी तडे पडू लागले की ते एकमेकांना भेटतात, आणि ताण सगळ्यांत सहज मोकळा होतो तो तीन तडे सारख्या कोनात भेटले तर. त्यातून षटकोन जुळत जातात. मग थंडी जसजशी आत शिरते तसतसे तडेही आत उतरतात आणि षटकोनाचा खांब होतो. यात ना छिन्नी ना सूत्रधार. नुसतं सावकाश थंड होणं.

याच काळ्या पाषाणाची झीज होऊन काळी माती झाली, आणि काळ्या मातीनं यवतमाळला कापूस दिला. इथला शेतकरी पहिल्या वेच्याआधी सीतादही करतो. पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावत नाही. भाव किती मिळेल, बोंडअळी किती खाईल, हे पुढचं पुढं. म्हणजे तालुक्याचं एक पोट लाव्ह्यावर चालतं. दुसरं पोट चालतं लाव्ह्याच्या खाली जे आहे त्यावर.

खाली आहे चुनखडी. भूवैज्ञानिक तिला पैनगंगा समूहातला चुनखडक म्हणतात. राखी, कधी गुलाबीसर, पातळ पातळ थरांचा हा दगड. एखादा तुकडा हातात घेऊन लोखंडानं थोडा खरवडावा आणि त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब पिळावेत. बारीक फेस येतो. फेसाचे ते बुडबुडे म्हणजे दगडात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वायू. हा वायू हवेतून समुद्रात विरघळला, समुद्रात चुन्याशी जोडला गेला आणि तळाशी साचून दगड झाला. ही गोष्ट सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीची. आज मुकुटबनच्या आसपास जिथं तुरीची नि कापसाची शेतं आहेत, तिथं तेव्हा समुद्र होता.

तो समुद्र आपल्या ओळखीचा नव्हता. त्यात एकही मासा नव्हता. शिंपला नव्हता, खेकडा नव्हता, शंख नव्हता. कवच असलेला प्राणीच अजून पृथ्वीवर जन्मला नव्हता. त्याला अजून पन्नास कोटी वर्षांच्या आसपास अवकाश होता. म्हणून या चुनखडीत शंख-शिंपले शोधत बसू नये. किनाऱ्यावर झाड नाही, गवत नाही, आकाशात पाखरू नाही. जिवंत होतं ते बहुतेक सगळं सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारं. अशा मुक्या समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं चुन्याचा गाळ बसत राहिला. त्याच गाळावर आज ट्रकांची रांग लागते.

चुनखडीनंतरचं पान त्याहून अजब आहे. उन्हाळ्यात सत्तेचाळीस अंशांवर भाजून निघणाऱ्या या मुलखात एके काळी बर्फ होता. ही थाप नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगा वर्धेला मिळते त्या बाजूला, इरईजवळ १८७२ साली फ्रान्सिस फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाला नदीकाठी चुनखडीचा एक पृष्ठभाग दिसला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे होते. पाणी दगड झिजवतं, पण असे सरळ रेषेत ओरखडे काढत नाही. ते काम हिमनदीचं. तिच्या तळाशी अडकलेले धोंडे खालच्या खडकावर घासत जातात. भारतात एके काळी हिमनद्या होत्या या म्हणण्याला जे ठोस पुरावे मिळाले, त्यांतला हा अगदी सुरुवातीचा. तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाला एक चिकटून होते आणि आपला भाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला सरकलेला होता. त्या जोडखंडाला गोंडवन म्हणतात. नाव आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेलं.

पुढं बर्फ वितळला. सखल भागात पाणी तुंबलं, दलदल झाली आणि तिच्यात रान माजलं. लांबट, जिभेसारख्या पानांची ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं तेव्हा गोंडवनभर होती. झाडं पडायची ती पाण्यात. हवा नसल्यानं नीट कुजायची नाहीत. त्यांच्यावर गाळ, गाळावर पुन्हा झाडं, असं होत होत सगळं खोल दबलं आणि त्याचा कोळसा झाला. वणी, घुग्गुस, राजूर, चंद्रपूर, बल्लारपूर हा सगळा वर्धा खोऱ्याचा कोळसापट्टा या रानाचा. मुकुटबनजवळच्या मार्की-मांगलीचे कोळशाचे साठेही त्यातलेच. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये देशभरातल्या २१४ कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं, तेव्हा मार्की-मांगलीचं नाव दिल्लीतल्या निकालपत्राच्या यादीत होतं. पुढच्या वर्षी त्यातल्या काही पट्ट्यांचा फेरलिलाव झाला.

आता हे तुकडे जुळवून बघा. चुनखडी हाताशी. ती भाजायला कोळसा शेजारी. तयार माल न्यायला माजरी–आदिलाबाद लोहमार्ग गावाजवळून गेलेला. सिमेंटचा कारखाना काढणाऱ्याला यापलीकडं काय हवं असतं? इथल्या प्रकल्पाची आखणी रिलायन्स सिमेंटनं केली होती. २०१६ साली बिर्ला कॉर्पोरेशननं ती कंपनीच विकत घेतली आणि २०२२ साली मुकुटबनचा कारखाना सुरू झाला. वर्षाला ३९ लाख टन ही त्याची क्षमता. पन्नास किलोच्या पोत्यात भरायचं तर वर्षाला सात कोटी ऐंशी लाख पोती, म्हणजे दिवसाला दोन लाखांच्या वर.

या पट्ट्यातला हा काही पहिला कारखाना नव्हे. पैनगंगेपलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यात आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा ही गावं केव्हाच सिमेंटची झाली आहेत. आदिलाबादला सरकारी सिमेंट महामंडळानंही १९८०च्या दशकात कारखाना काढला होता. तो पुढच्या दशकात बंद पडला. राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. भिंतीला लावायचा चुना आणि पुलाला लागणारं सिमेंट, दोन्हींचा कच्चा माल हीच चुनखडी.

भट्टीच्या आत काय घडतं तेही बघण्यासारखं आहे. दळलेली चुनखडी आणि मातीचा अंश यांचं मिश्रण एका लांबलचक, किंचित उतरत्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यात सोडतात. नऊशे अंशांच्या आसपास चुनखडी फुटते: चुना मागं राहतो आणि वायू वर जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर चव्वेचाळीस किलो नुसता वायू निघून जातो. लिंबाच्या थेंबानं जो फेस आला होता, त्याचाच हा राक्षसी अवतार. पुढं तापमान साडेचौदाशेवर गेलं की चुना नि माती एकजीव होऊन काळपट गोटे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. तो थोडं जिप्सम घालून दळला की सिमेंट. जिप्सम का, तर त्याशिवाय सिमेंट गवंड्याच्या घमेल्यातच घट्ट होईल.

म्हणजे शंभर कोटी वर्षांपूर्वी समुद्रानं हवेतून ओढून दगडात कोंडलेला वायू आपण मुकुटबनमध्ये तासाभरात मोकळा करतो. तो मोकळा करायला जो कोळसा जाळतो, त्यात अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी कोंडलेला कार्बन असतो. दोन वेगवेगळ्या युगांतला कार्बन एकाच धुराड्यातून एकाच वेळी वर जातो. सिमेंट हा हवामानबदलाचा मोठा हिस्सेदार का मानतात, हे समजायला परदेशातला अहवाल वाचायची गरज नाही. मुकुटबनची भट्टी समजून घेतली तरी पुरे.

जमिनीखालच्या गोष्टी झाल्या. वरच्या माणसांची गोष्टही सरळ नाही. पैनगंगा ही आज बऱ्याच अंतरावर दोन राज्यांची हद्द आहे, पण नदीनं हद्द होण्याचं काम बऱ्याच वेळा नव्यानं पत्करलंय. आधी दोन्ही काठ निजामाचे होते. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि नदी सीमा झाली: अलीकडं कंपनी सरकार, पलीकडं निजाम. १९०२ साली वऱ्हाडाचा कायमचा भाडेपट्टा झाला, वर्षाला पंचवीस लाख रुपये. १९५६ साली भाषावार प्रांत झाले तेव्हा हीच नदी मुंबई राज्य आणि आंध्र प्रदेश यांच्यात आली. २०१४ साली तेलंगण निघालं आणि पलीकडच्या राज्याचं नाव पुन्हा बदललं. नदीला मात्र अजून दोन्ही काठांचीच शेती भिजवायची आहे. चनाका–कोरटा बंधाऱ्याच्या नावातच एक गाव महाराष्ट्रातलं आणि एक तेलंगणातलं आहे. त्यासाठी २०१६ साली दोन्ही राज्यांना करार करावा लागला.

वाघाला तर हद्द माहीतच नाही. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग लागला. तेलंगणात जाऊन आला, मराठवाडा ओलांडला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतं, महामार्ग, गावं ओलांडत, बहुतेक रात्रीचा. मुकुटबनचं वनपरिक्षेत्रही याच वाघांच्या मुलखातलं. एप्रिल २०२१ मध्ये इथं एका वाघिणीला मारून तिचे पंजे कापून नेले गेले. तेव्हा जंगलाची गोष्ट निव्वळ कौतुकानं सांगून भागत नाही.

या जंगलाशी सगळ्यांत जुनं नातं सांगतात ते कोलाम. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीनच आदिवासी जमाती आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची वस्ती म्हणजे पोड. यवतमाळच्या या दक्षिण भागात गावाच्या नावाबरोबर ‘कोलामपोड’ सर्रास ऐकू येतं. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली, मध्य द्रविड शाखेची. तिची जवळची भावंडं नाईकी, परजी नि गदबा. यातल्या परजी नि गदबा बोलणारे लोक इथून कितीतरी लांब, बस्तर नि ओडिशाच्या डोंगरांत आहेत. म्हणजे मराठी आणि तेलुगू या दोन मोठ्या भाषांच्या मधोमध ही लहानशी भाषा आपल्या पूर्वेकडच्या गणगोताचा धागा धरून राहिली आहे. भाषाशास्त्रज्ञ एमनो यांनी १९३०च्या दशकात वर्धा भागातल्या कोलामांकडून ती ऐकून टिपून घेतली आणि १९५५ साली तिचं व्याकरण छापलं. आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आणखी एक गोष्ट नोंदली: गोंड लोक गावच्या देवांच्या पूजेसाठी कोलामाला बोलावत. राज्य गोंडांचं असलं तरी इथल्या मातीच्या देवाशी बोलायचा अधिकार कोलामाचा, असा हा रिवाज.

मग एवढी श्रीमंत जमीन असताना लोकांच्या वाट्याला काय येतं? आधी पाण्याकडं बघावं लागेल. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचं अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. लिटरला दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. त्याहून जास्तीचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लहान मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मोठेपणी सांधे आखडतात, पाठ वाकते. दगडातलं फ्लोराइड पाण्यात येतं; पाण्यात भरपूर कॅल्शियम असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. पण पाणी खोल खडकात खूप काळ मुरलं की त्यातलं कॅल्शियम चुन्याच्या रूपानं बाहेर पडतं आणि फ्लोराइड मोकाट सुटतं. वरचं पाणी आटलं म्हणून बोअर आणखी खोल नेली, तर हा धोका वाढू शकतो. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं ते दाटतं. म्हणून पाणी उकळून प्यायचा सल्ला जंतूंसाठी योग्य असला, तरी यावरचा इलाज नव्हे.

इथं आपल्या गोष्टीचे दोन धागे जुळतात. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार खाणपट्ट्याची मुदत पन्नास वर्षं ठरली, आणि खाणीतून सरकारला मिळणाऱ्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात वेगळी रक्कम खाणमालकानं भरायची, ती जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते. हा पैसा खाणीची झळ पोचलेल्या गावांसाठी आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवरच खर्च झाला पाहिजे, असं केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. यादीत पिण्याचं पाणी ठळकपणे आहे.

लाखो वर्षांत साचलेला दगड पन्नास वर्षांच्या करारानं निघतो. पुन्हा समुद्र येऊन तो भरून देणार नाही. तेव्हा मुकुटबन, मार्की, मांगली, शिबला आणि भोवतालच्या पोडांवर राहणाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न विचारावेत: आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती, त्याचा तपासणी अहवाल दाखवा, आणि खनिज निधीतून आमच्या गावाच्या पाण्यावर आजवर किती खर्च झाला, तो हिशेब वाचून दाखवा. दोन्ही कागद मागायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे, मग त्याचा तालुका कुठल्याही गावाच्या नावानं ओळखला जात असो.